ईश्वरीबाईचे नारळ

दाना ओली गल्लीतल्या बायकांना मतदानाचं महत्त्व पटवण्यापेक्षा म्हशीला गाणं शिकवलेलं बरं, ती निदान मान तरी हलवते, असं पद्माबाईंचं पक्कं मत झालं होतं. आणि हे मत त्या मनात ठेवत नव्हत्या. भेटेल त्याला ऐकवत होत्या, म्हणून तर गोरखीतल्या त्यांच्या महिला मंडळात हल्ली बायका कमी आणि सतरंज्या जास्त असायच्या.

बोलणार तरी किती हो माणूस! संस्थान गेलं, मध्यभारत आलं, आता तेही जाऊन मध्यप्रदेश येणार आणि राजधानी भोपाळला जाणार. दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर आली होती, आणि गावाच्या लश्कर भागातल्या मराठी घरांतून विषय एकच. बदली कोणाची झाली, कोणाची होणार, क्वार्टर मिळेल का, तिकडचं पाणी बाधतं म्हणतात ते खरं का. नेमकी याच वेळी वॉर्डाची निवडणूक लागलेली. पद्माबाईंनी दारात उभं राहून ‘मत’ म्हटलं की समोरची बाई ‘बदली’ म्हणायची.

निवडणुकीला उभे होते जगदेवराव. मागच्या वेळीही तेच. पणजोबा घोडदळात होते, तेवढ्या भांडवलावर ते अजून रुबाब करत होते. गल्लीतला नळ केव्हाचा कोरडा पडला होता. सांगायला गेलं की छातीवर हात ठेवून म्हणायचे, “होऊन जाईल, वहिनी!” कशाचं होतंय! पण माणूस आपला, बोलायला गोड, लग्नाकार्यात पुढे. झालं, लोकांना तेवढं पुरत होतं.

त्यांच्यासमोर उभी होती ईश्वरीबाई. तिला उभं केलं होतं पद्माबाईंनी, म्हणजे ठरवून नव्हे, तोंड होतं म्हणून.

झालं होतं असं. फाळणीनंतर शिकारपुराहून आलेली सिंधी कुटुंबं दाना ओलीच्या मागल्या अंगाला राहत होती. पाटणकर बाजारात रस्त्याच्या कडेला त्यांच्या लाकडी गुमट्या होत्या. कोणी कापड विके, कोणी बटणं, कोणी पापड. उन्हाळ्यात पद्माबाई त्यांच्या अंगणात जाऊन बायकांपुढे भाषण ठोकून आल्या. तुम्ही आता इथल्या झालात, राजकारणात भाग घ्या, नवऱ्यांच्या मागे लपू नका, आपल्यातली बाई उभी करा. सगळ्यांनी “हां जी, हां जी” केलं. पद्माबाई चपला घालायला वळल्या, तेवढ्यात मागून एका बाईनं विचारलं, “तो खड़ा कौन होगा, बहनजी? आप?”

“मी?” पद्माबाई हसल्याच. “मला कुठली फुरसत! घर आहे, मंडळ आहे. तुमच्यातलंच कोणी उभं राहा. मी घरोघर फिरेन तुमच्यासाठी.”

विचारणारी होती ईश्वरीबाई. पावसाळ्यात पालिकेची नोटीस आली, रस्ता रुंद करायचाय, दिवाळीनंतर गुमट्या उचला. पुरुष हातपाय गाळून बसले. ईश्वरीबाईनं उमेदवारीचा अर्ज भरला, आणि पद्माबाईंच्या दारात येऊन उभी राहिली. “चलिए, बहनजी. आपने कहा था, घर-घर फिरेंगी.”

आता आली का पंचाईत! निवडून आली तर ती सभेत उभी राहून गुमट्यांसाठी भांडणार होती. पडली तर दिवाळी सरताच तितक्या घरांची चूल विझणार होती. सिंधी मतं तिचीच होती, पण तेवढ्यानं भागत नव्हतं. पारडं फिरणार होतं ते मराठी घरांत, आणि तिथले पुरुष तर जगदेवरावांच्या बैठकीत पान खाऊन आलेले. राहिल्या बायका. म्हणजे पुन्हा त्याच म्हशी.

पहिलं घर वनमालाबाईंचं. त्यांचे यजमान सचिवालयात, पद्माबाईंच्या यजमानांच्या शेजारच्याच टेबलावर.

“या, या. भोपाळचं काही कळलं का हो?”

“वनमालाबाई, या ईश्वरीबाई. आपल्या वॉर्डातून उभ्या आहेत. आपल्या गल्लीतला नळ—”

“नळावरनं आठवलं. तिथं म्हणे सगळ्यांना तळ्याचं पाणी. डाळ शिजते का हो त्यात?”

पद्माबाई जीव तोडून बोलत राहिल्या. हक्क सांगून झाले, संविधान सांगून झालं, झाशीच्या राणीची समाधी याच गावात आहे तेही सांगून झालं. वनमालाबाईंनी चिवडा दिला, चहा दिला, आणि पद्माबाईंचं वाक्य अर्ध्यावर असताना कोनाड्यातला कुंकवाचा करंडा काढला. मराठी घरात करंडा निघाला की पाहुणीनं उठायचं असतं. आता पुरे, निघा, असं तोंडानं म्हणायची गरजच पडत नाही. पद्माबाईंचा नुसता जळफळाट झाला. त्यांना हळदीकुंकू, ओटी सगळं थोतांड वाटे. मंडळ काढल्यापासून त्यांनी आपल्या घरातून ते पार बंद केलं होतं.

ईश्वरीबाईनं मात्र मान पुढे केली. वनमालाबाईंनी हळद लावली, कुंकू लावलं, आणि पहिल्यांदा घरी आलेली सवाष्ण म्हणून तांदूळ, खण आणि नारळ घेऊन तिची ओटी भरली. ईश्वरीबाईला पदर नव्हता. तिनं ओढणी पसरून सगळं घेतलं आणि नारळ कपाळाला लावला. तिचे डोळे भरून आले होते. एवढं रडण्यासारखं काय आहे त्यात, असं पद्माबाईंना वाटलं आणि त्या तडक जिना उतरल्या.

मंदाताईंकडे तर कहरच. मंदाताई मराठा घरातल्या, तोंडानं फटकळ, मनानं चांगल्या. ईश्वरीबाई पाणी पीत होती, तेवढ्यात त्यांनी मराठीत सुरू केलं, “पद्मा, आपला माणूस सोडून ही कालची आलेली बाई कशाला ग? निर्वासित म्हणजे आज इथं, उद्या तिथं. आम्हाला काय मालूम ती कोण, कुठली!”

“आणि आपण कुठल्या ग?” पद्माबाईंचा आवाज चढला. “गावातले लोक अजून आपल्याला दक्षिणी म्हणतात. आपले पणजे घोड्यावर बसून आले, ही आगगाडीत बसून आली, एवढाच काय तो फरक. आणि आज इथं उद्या तिथं कोण करतंय सध्या? अख्खी गल्ली भोपाळला निघालीय!”

“तुझं आपलं काहीतरीच,” मंदाताई म्हणाल्या आणि उठून करंडा घेऊन आल्या. पुन्हा हळद, पुन्हा कुंकू, पुन्हा नारळ. असं घरामागून घर चाललं. बोलणं कोणी ऐकेना, आणि नारळाशिवाय कोणी सोडीना. पद्माबाईंनी हात टेकले. ईश्वरीबाईचा चेहरा मात्र दिवसेंदिवस उजळत चालला होता, ते बघून तर त्यांना आणखीच वैताग येई.

शेवटी राहिलं जगदेवरावांचं घर. “तिथं कशाला जायचं? ते स्वतःच उभे आहेत,” पद्माबाई म्हणाल्या. ईश्वरीबाई ऐकेना. जगदेवरावांची बायको शांताताई गोशातली, बाहेर पडायची ती पडदा लावलेल्या टांग्यातून. घरात आलेल्या बाईचं तिला कोण अप्रूप! तिनं बसायला पाट दिला, शंकरपाळे दिले, शिकारपूर किती लांब, आगगाडीत भीती वाटली का, सगळं विचारलं. निवडणुकीचा शब्दही नाही. निघताना ओटी भरली ती भला मोठा नारळ घालून.

रस्त्यावर आल्याबरोबर ईश्वरीबाईनं पद्माबाईंचा दंड धरला. “देखा, बहनजी? उसकी घरवाली भी अपनी!”

“म्हणजे?” पद्माबाईंना काही कळेना.

मग ईश्वरीबाईनं सांगितलं, आणि पद्माबाई भर रस्त्यात कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. शिकारपुराकडे सोयरीक ठरली की नारळ आणि खडीसाखर देत. त्याला कच्ची मिसरी म्हणतात. मागायला आलेल्याच्या पदरात नारळ घातला म्हणजे शब्द दिला. मग राजाघरचं स्थळ आलं तरी बघायचं नाही. ईश्वरीबाई मत मागायला गेली होती, आणि घरोघरच्या बायांनी तिच्या कपाळाला टिळा लावून नारळ दिला होता. याहून पक्कं ते काय असतं? सगळे नारळ तिनं घरी फळीवर ओळीनं मांडले होते. एकही फोडला नव्हता. निवडून आल्यावर फोडणार होती.

“बाई गं!” एवढंच पद्माबाईंच्या तोंडून निघालं.

घरी येऊन त्यांनी हे यजमानांना सांगितलं. गोपाळकृष्णांनी बदल्यांचे कागद बाजूला ठेवले आणि चष्मा काढून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

“हसू नका! इथं माझा जीव जातोय.”

“अगं, मग सांगून टाक ना तिला. नारळ म्हणजे मत नव्हे, एवढंच तर सांगायचं.”

तेच सांगायला पद्माबाई दुसऱ्या दिवशी पाटणकर बाजारात गेल्या. गुमटीत ईश्वरीबाईचा नवरा छिटाच्या घड्या घालत होता, ईश्वरीबाई खाली स्टुलावर बसली होती. पद्माबाईंनी तोंड उघडायच्या आतच तो बोलायला लागला. अर्ज मागे घ्यायच्या मुदतीआधी जगदेवरावांचा माणूस येऊन गेला होता. बाईला मागे घ्या, बाकीच्यांचं बाकीचे बघतील, तुमची एक गुमटी हलणार नाही, याची जबाबदारी माझी, असं म्हणाला होता. “सच बोलूँ, बहनजी? मैं तो मान गया था,” नवरा हसत म्हणाला. पण ईश्वरीबाईनं त्याला हाताला धरून फळीसमोर उभं केलं. इतक्या घरांनी शब्द दिलाय, आणि मी मागे घेऊ? मुदत टळून गेली होती.

त्या बायांच्या रिकाम्या सौजन्यापायी या माणसांनी हातची गुमटी घालवली होती. आता सांगून उपयोग तरी काय? पद्माबाईंनी फक्त विचारलं, “और किसीने वचन तोड़ा तो?”

“तो नारियल वापस,” ईश्वरीबाई सहज म्हणाली. “जिसने दिया, उसी की चौखट पर रख आते हैं.”

पद्माबाई तिथून निघाल्या त्या तरातरा मंदाताईंच्याच घरी. जाता जाता वनमालाबाईंना हाताला धरून ओढत नेलं, बाकीच्यांना निरोप धाडले. शांताताई मागल्या अंगणातून आली, दोन्ही घरांची भिंत एकच होती. बायका जमल्या तशी कोणीतरी बदलीची गोष्ट काढली, आणि पद्माबाई कडाडल्या.

“भोपाळ गेलं खड्ड्यात! आधी सांगा, ईश्वरीबाईच्या ओटीत नारळ घातलेत की नाही?”

“घातला की,” मंदाताई म्हणाल्या. “दारी आलेली सवाष्ण. रिकाम्या ओटीनं कशी पाठवायची?”

“तिच्यात नारळ म्हणजे शब्द. तुम्ही सगळ्यांनी तिला मत द्यायचं वचन दिलंय.”

“अगंबाई, आमच्यात नारळ म्हणजे नारळ!” वनमालाबाई म्हणाल्या. “कुंकू लावलं म्हणजे का मत दिलं? मग नवरात्रात मी अर्ध्या लश्कराला मत दिलंय म्हणायचं.”

बायका खो खो हसल्या. पद्माबाईंनी हसू ओसरू दिलं.

“हसा. शब्द मोडला की त्या नारळ परत करतात. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती येईल आणि तुमचा नारळ तुमच्याच उंबऱ्यावर ठेवून जाईल.”

हसू जागच्या जागी थांबलं. मंदाताईंचा हात तोंडावर गेला. त्यांची लेक बाळंतपणाला आलेली होती, आतल्या खोलीत झोपली होती.

“ओटीचा नारळ? परत?”

“ऐन दिवाळीत?” वनमालाबाईंचा आवाज बारीक झाला. “तिला समजावून सांग ना ग, पद्मा. आमच्यात असं करत नाहीत म्हणावं.”

“मी का सांगू? तुम्ही जा आणि सांगा. आमची ओटी खोटी होती, तुला नुसती वाटेला लावायची होती, असं सांगा तिला.”

कोपऱ्यात बसलेल्या शांताताईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. “माझा नारळ सगळ्यांत मोठा होता,” ती म्हणाली. “देवापुढचा उचलून दिला होता मी.”

हसावं की काय करावं, कोणालाच कळेना.

“ओटी भरली म्हणजे माहेरवाशीण झाली ती,” शांताताई पुढं म्हणाली. “माहेरवाशिणीचं दुकान उठवायचं म्हणजे बरं दिसत नाही.”

“अहो, पण जगदेवराव?” मंदाताई न राहवून म्हणाल्या.

“त्यांची कुठं ओटी भरलीय कोणी?”

झालं, निकाल तिथंच लागला म्हणायचा. मतदानाच्या दिवशी दाना ओलीतल्या बायका इरकली लुगडी नेसून, नाकात नथ घालून, जणू कार्याला निघाल्यात अशा बाहेर पडल्या. पुरुषांनी विचारलं तर म्हणाल्या, आमचं आम्ही बघू. पडद्याचा टांगाही केंद्रावर येऊन गेला. पद्माबाई उन्हात उभ्या राहून बघत होत्या आणि त्यांचा संताप काही केल्या जाईना. इतकी वर्षं घसा फोडून समान हक्क सांगितले, त्यानं एक बाई उंबरा ओलांडायला तयार नव्हती. आणि एका नारळाच्या धाकानं बघा कशा रांगेत उभ्या राहिल्यात! हसावं, रडावं, की मंडळाला कुलूप लावावं?

ईश्वरीबाई निवडून आली. थोड्या मतांनी, पण आली. पहिल्याच सभेत ती निम्मं हिंदी, निम्मं सिंधी असं काहीतरी इतका वेळ बोलली, की शेवटी रस्ता समोरच्या बाजूनं रुंद करायचं ठरलं. गुमट्या राहिल्या. जगदेवरावांनी छातीवर हात ठेवून तिचं अभिनंदन केलं. त्यांना बिचाऱ्यांना अजून कळलेलं नव्हतं, आपल्या घरातलं मत कुठं गेलं ते.

तोवर गोपाळकृष्णांच्या हातात बदलीचा हुकूम पडला होता. घरात पेट्या, पोती, सुतळ्या. पद्माबाई भांडी कागदात गुंडाळत असताना ईश्वरीबाई वाटी घेऊन आली. वाटीत खोबऱ्याचे तुकडे आणि खडीसाखर. सगळे नारळ फोडून ती घरोघर वाटत फिरत होती.

“सबके नारियल का है,” ती म्हणाली. “आपके घर का नहीं था.”

पद्माबाईंचा हात थांबला. “म्हणजे काय? अगं, मत मी तुलाच दिलं ना!”

“दिया होगा, बहनजी. मैंने गिना नहीं था.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. दुकानात माल नाही असं सांगावं तशी ती म्हणाली.

“मी? मी दिलं नसेल असं वाटलं तुला? तुझ्यासाठी उन्हातान्हात चपला झिजवल्या मी! त्या बायांच्या दारोदार...”

“फिरीं तो आप सबसे ज़्यादा. पर वचन अलग होता है.”

पद्माबाई पेटीवर बसल्या. ही बाई महिनाभर या घरी येत होती. चहा प्यायली, पाय दुखले म्हणून याच पेटीवर टेकली. एकदाही आपण तिच्या कपाळाला बोट लावलं नव्हतं. आपण सुधारलेल्या ना! रिकामं सौजन्य दाखवलं म्हणून ज्या बायांवर आपण आग पाखडली, त्यांनी काहीतरी हातात तरी ठेवलं होतं. लाजेनं त्यांचे कान तापले, आणि लाज वाटली की त्यांना राग येई, तसा आलाही. त्या ताडकन उठल्या, बांधलेल्या पेटीची सुतळी कापली, तळातून करंडा उपसून काढला. कुंकू वाळून घट्ट झालं होतं. नखानं उकरून त्यांनी ईश्वरीबाईच्या कपाळाकडे बोट नेलं.

“पहले हल्दी, बहनजी,” ईश्वरीबाई म्हणाली. इतक्या ओट्या घेऊन तिला आता क्रम पाठ झाला होता.

पद्माबाईंनी मुकाट्यानं बोट पुसलं. आधी हळद लावली, मग कुंकू. सामानाच्या ट्रकपुढे फोडायला म्हणून आणलेला नारळ घेतला, डब्यातले ओंजळभर तांदूळ घेतले. “ओढणी धर,” त्या म्हणाल्या.

ईश्वरीबाईनं ओढणी पसरली नाही. तिनं नारळ आणि तांदूळ त्यांच्या हातून काढून घेतले.

“जा कौन रहा है? आप. पल्लू कीजिए.”

“अगं, पण...”

“रिकाम्या ओटीनं पाठवत नाहीत ना तुमच्यात?” ती चक्क मराठीत म्हणाली.

पद्माबाईंनी पदर पसरला. ईश्वरीबाईनं त्यांना हळदकुंकू लावलं, तांदूळ घातले, नारळ ठेवला, आणि नारळावरचा हात तसाच दाबून धरला.

“और हमारे में नारियल का मतलब आप जानती हैं. वहाँ भी कोई किसी की दुकान उठाने आएगा. तब खड़ी होना, बहनजी. दूसरी को मत खड़ा करना.”

पद्माबाईंच्या तोंडाशी ‘मला कुठली फुरसत’ आलं होतं. ते त्यांनी गिळलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, त्याचीही त्यांना चीड येत होती.

ईश्वरीबाई गेल्यावर गोपाळकृष्ण बाहेर आले. उघडी पडलेली पेटी बघून त्यांनी डोक्याला हात लावला. “अगं, हे काय! आता हा नारळ कुठल्या पेटीत घालायचा?”

“कुठल्याच नाही,” पद्माबाई खेकसल्या. “तो मी हातात घेऊन येणार आहे. ट्रकपुढे फोडायला दुसरा आणा.”